आईच्या तसबिरीतली कसर

रेवदंड्याच्या फ्रेमवाल्याने मला फसवलं. माझ्या आईचा एकुलता एक फोटो त्याने खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मला सांगितलं, खळीचा थेंबही लावलेला नाही.

मी चौलला सुपारीचा व्यापार करतो. दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलण्यापासून सुरुवात केली. गोणीवर खळीने चिकटवलेली चिठ्ठी पावसाळ्यानंतर वाचता येत नाही, कसर ती खाऊन टाकते, हे मला तेव्हापासून ठाऊक. म्हणून मी त्याला बजावलं होतं, फोटोला नुसते कागदी कोपरे लाव. त्याने दर सांगितला, मी निम्म्यावर आणला. त्याने लगेच मान डोलावली. तेव्हाच मी उठून यायला हवं होतं.

आमच्या घरात गेलेल्या माणसाची तसबीर एकदा भिंतीवर चढली की वर्षश्राद्धापर्यंत उतरवत नाहीत. पुसायची तीही जागेवरच. त्यामुळे मागे काय चाललंय ते कोणी पाहिलं नाही.

गणपतीच्या सुमारास बायको म्हणाली, "अहो, आईंनी डावा डोळा मिटलाय."

"काचेला ओल आली असेल. पूस."

"पुसली. दोनदा."

मी पाहिलं. डोळा मिटलेला नव्हता, पुसट झाला होता. दिवाळीपर्यंत ओठ गेले. बायको त्या भिंतीकडे पाठ करून बसेनाशी झाली. मी तिच्यावर ओरडलो आणि स्वतःही तिथे जेवायचं सोडलं. एका दुपारी मी अगदी जवळ गेलो. गेलेल्या डोळ्याच्या जागी दुसरा डोळा होता, लांबट, चंदेरी. मोबाइलचा उजेड टाकला तसा तो आईच्या गालावरून घसरत केसांत शिरला.

बायको नको नको म्हणत असताना मी तसबीर उतरवली. मागचा कागद फाडला तर पुठ्ठाभर खळ, वाळून पापुद्रे सुटलेली, आणि त्या पापुद्र्यांखाली पाच-सहा जण, कसरीचे किडे. एक मी बोटाने चिरडला. बोटाला चंदेरी भुकटी लागली. ती त्याची होती की आईच्या चेहऱ्याची, मला सांगता आलं नाही.

शेजारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात. डबीत एक जिवंत किडा घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मागे तीन बारीक शेपट्या, प्रत्येकीला केस.

"यांच्या गटाला थायसन्यूरा म्हणायचे," बाई म्हणाल्या. "ग्रीक शब्द आहे. झालरीच्या शेपटीचे, असा अर्थ. समुद्रकाठच्या खडकांत उड्या मारणारे तीन शेपट्यांचे किडे असतात ना, तेही पूर्वी याच गटात होते. आता वेगळे काढलेत."

"पंख झडलेत का याचे?"

"कधी नव्हतेच. माणूस नव्हता तेव्हापासून हे असेच आहेत. पिठाची खळ मिळाली की खातात. ती कशाला लावलीय, त्यांना काय?"

झालर आपण पाळण्याला लावतो. भिंगाखाली ती झालर सावकाश हलत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखी. मी भिंग परत दिलं.

दुसऱ्या दिवशी तसबीर घेऊन दुकानात गेलो. फ्रेमवाला काच कापत होता. मान वर न करता म्हणाला, "शेट, दर पाडलात तेव्हा हसत होतात. कागदी कोपरे काय मी माझ्या खिशातून लावायचे?"

"मग तेव्हा नाही म्हणायचंस. दुसरीकडे गेलो असतो."

"गिऱ्हाइकाला न्हाय कोण म्हणतो? तुम्ही म्हणता?"

मी काउंटरवर हात आपटला. काच तडकली, तिचे पैसे त्याने माझ्याकडे मागितले नाहीत. उलट म्हणाला, "मोबाइलमधला फोटो आणा, नवा करून देतो. फुकट."

मोबाइलमध्ये फोटो नाही. आई रोज भिंतीवर दिसत असताना तिचा फोटो काढून ठेवायचं कोणाला सुचतं? ज्या स्टुडिओत काढला होता तो कधीच बंद झाला. आता तिचं नाक कसं होतं यावरून मी आणि माझी बहीण भांडतो.

मला फुकटचं काही नको. तसबीर पुन्हा भिंतीवर टांगली आहे, अर्ध्या चेहऱ्याची. फ्रेमवाल्याने माझ्या घरी यावं, भर दिवसा, तिच्यासमोर उभं राहावं आणि खळ का लावली ते तिला सांगावं. मला नाही, तिला.