दोन नंबर धर

पंपाच्या दुरुस्तीसाठी विहिरीत उतरताना भावाने नेहमीसारखी हाक मारली, "ताई, दोन नंबर धर."

दोन नंबरचा पंप धरायचा म्हणजे ताईने तो प्रोग्रॅममधल्या बंद यादीत टाकायचा. यादीत असेपर्यंत तो सुरू होत नसे. बाकीचे फिटर फ्यूज काढून खिशात ठेवत. हा म्हणायचा, वर बहीण बसलीय, फ्यूज कशाला.

पंपघराचा प्रोग्रॅम लिस्प या संगणकाच्या भाषेत होता. तो न थांबवता, चालत असतानाच ती एडिटरमधून त्यात हात घाले. ओळ लिहायची, शेवटच्या कंसानंतर कर्सर ठेवायचा, कळा दाबायच्या. पडद्याच्या खालच्या पट्टीत उत्तर उमटे, आणि तेवढ्यात यंत्राचे वागणे बदललेले असे. कंस मोजताना तिचे ओठ हलत, म्हणून ऑफिसात तिला कंसमामी म्हणत.

तिने दोन नंबर यादीत टाकला. उत्तर आले.

"मामी, टाकी वाहायला लागेल," इंजिनियर मागे येऊन म्हणाला. "पंप थांबायच्या पातळीचा आकडा उतरवा की."

तिने आकडा बदलला आणि घाईत त्या एका ओळीऐवजी सगळी फाईल चालवली. फाईलच्या माथ्यावर एक ओळ होती, बंद यादी रिकामी करणारी. प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होताना ती लागे. आता ती पुन्हा चालली होती, आणि दोन नंबर यादीतून गेला होता.

विहिरीत पाणी झिरपत होते. ठरल्या खुणेपर्यंत चढले की पंप आपोआप सुरू होणार, आणि भावाचे हात पंपाच्या पंख्यात.

तिने यादीत टाकायची ओळ पुन्हा लिहिली. कळा दाबल्या. चूक. कंस अपुरा.

"काय झालं?"

"बोलू नका."

भिंतीवर पंप सुरू करणारा एक रिले खट्कन वाजला. तिने मान वर केली नाही. ओठ हलवत कंस मोजले, एक घातला, कळा दाबल्या. यादीत दोन आला. मग तिने भिंतीवरच्या पंपांच्या दिव्यांकडे पाहिले. वाजलेला रिले एक नंबरचा होता.

भाऊ हात पुसत वर आला. "चेहरा का पडलाय? यंत्र उलटून बोललं?"

"यादी पुसली गेली माझ्याकडून. तुझे हात आत असताना."

त्याने बोटांकडे पाहिले. "मुद्दाम?"

"चुकून."

"मग सोड ना."

"सोडायचं नाही. यापुढे फ्यूज काढत जा."

"तुझ्यावर विसंबू नको?"

"नको."

आता तो हाक मारत नाही. उतरताना खिसा तेवढा चाचपतो. ती तरीही दोन नंबर यादीत टाकते, आणि पट्टीत उत्तर उमटेपर्यंत श्वास धरून बसते.