राहिलेली उलटतपासणी

मंगळवारी मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नव्या न्यायाधिकरणात घेऊन गेले होते. सिन्नरहून पहाटेची एसटी पकडून ते गंगापूर रोडला माझ्या घरी आले. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं...

नाना सिन्नरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. तांब्याची तार चोरली असा ठपका ठेवून बारा वर्षांपूर्वी त्यांना काढलं. तार त्यांच्याकडे सापडली नव्हती, पण गावात नाव खराब व्हायला ठपका पुरतो. म्हणून त्यांनी कामगार कोर्टात केस लावली. आता बासष्टाव्या वर्षी त्यांना नोकरी नकोय, फक्त तो 'चोर' शब्द पुसून हवाय.

त्यांच्या बाजूने एकच साक्षीदार होता, गेटवरचे पवार वॉचमन. त्या दिवशी नानांची पिशवी मीच तपासली, आत डब्याशिवाय काही नव्हतं, असं त्यांनी जुन्या कोर्टात छातीठोकपणे सांगितलं. कंपनीच्या वकिलांची उलटतपासणी तेवढी बाकी होती.

उलटतपासणीच्या तारखेला ते वकील म्हणाले, घरी मुलीचं लग्न आहे, पुढची तारीख घेऊ या का? आमचे वकील हरकत घेणार होते, पण नानाच मध्ये पडले. "पोरीचं लगीन हाय त्यांच्या घरी. कशाला आडवं यायचं? घेऊ द्या तारीख."

एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! पत्रिका आली आणि हे अक्षता टाकून, जेवून आले.

मग कामगारांसाठी नवे कायदे आले, जुन्या कोर्टाच्या जागी नवं न्यायाधिकरण आलं. आमची फाइल इकडून तिकडे जाईपर्यंत नुसत्या तारखा पडत राहिल्या... आणि त्यातच पवारकाका वारले.

जुनी केस थांबली तिथून पुढे चालवायची की पहिल्यापासून, हे नव्या न्यायाधिकरणाने ठरवायचं, असा नियम आहे. नानांना वाटत होतं, साक्ष तर झालेलीच आहे, आता दोन तारखांत निकाल लागेल.

कंपनीचे तेच वकील उभे राहिले. साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नाही, सबब ती साक्ष धरू नये आणि केस नव्याने चालवावी. तारीख कुणी मागितली होती, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या वकिलांनी ते सांगितलं, पण जुन्या कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या नोंदीत, एवढंच होतं... 'उभय पक्षांच्या संमतीने तहकूब.'

केस पहिल्यापासून चालवायचं ठरलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावई मजेत आहेत ना, असं मी त्या वकिलांना तिथेच विचारणार होते, पण नानांनी हात धरला.

बाहेर लिपिकाने नवा अर्ज भरायला घेतला. नाव, वय... आणि व्यवसायापुढे त्याने आपणहूनच 'निवृत्त' लिहिलं. नाना वाकून बघत होते.

"निवृत्त नाय साहेब. मला काढलेलं हाय. चोर म्हणून काढलेलं. निकाल लागंस्तोवर तेच ऱ्हाऊ द्या."

लिपिकाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खोडून तसं लिहिलं.

ज्या माणसाने जन्मात कुणाच्या शेतातला हरभरासुद्धा न विचारता उपटला नाही, त्याने परवा स्वतःच्या तोंडाने स्वतःला चोर लिहून घेतलं. आणि आम्ही शिकलेली माणसं शेजारी उभी राहून बघत होतो.