महाधनेशाची डरकाळी

दांडेलीच्या जंगलात मी बायकोला आणि सासूबाईंना बाहेर ठेवून गाडी आतून लॉक केली, हे खरं आहे.

त्याचं असं झालं. आम्ही तिघं नाशिकहून मुद्दाम पक्षी बघायला गेलो होतो. सकाळी रस्त्याच्या कडेला गाडी लावून पन्नासेक पावलं झाडीत शिरलो. दुर्बीण माझ्या गळ्यात. (मला कावळा आणि कबूतर एवढंच ओळखता येतं, पण दुर्बिणीनं माणूस जाणकार दिसतो.)

एकाएकी आवाज आला. घूस्स... घूस्स... घूस्स! कुठलंतरी अवाढव्य जनावर धापा टाकत जवळ येत होतं.

"बिबट्या!" मी कुजबुजलो.

"कशावरून?" बायकोनं, वैशालीनं विचारलं.

"नाशिककराला विचारतेस?" आमच्या कॉलनीत बिबट्या शिरला होता, तेव्हा मी तो (तिसऱ्या मजल्याच्या बंद खिडकीतून) पाहिला होता. "कुणीही पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. हळूहळू मागे..."

तेवढ्यात डोक्यावर 'घ्रॉंक!' अशी डरकाळी फुटली. आणि मी पळालो!

एक चप्पल वाटेतच राहिली. गाडीत शिरलो, लॉक दाबलं, डोळे मिटले. काचेवर थाप बसली तेव्हा मी किंचाळलोच!

बाहेर वैशाली. हातात माझी चप्पल.

"अहो, दार उघडा!"

"आधी तो गेला का बघ!"

"अहो, पक्षी आहे तो!"

मागे सासूबाई मान वर करून ओरडत होत्या, "जावईबापू, बाहेर या! केवढी ती पिवळीधमक चोच! आणि चोचीवर आणखी एक टोप!"

मी धीर करून बाहेर आलो, तोवर पक्षी उडाला होता. जाताना पुन्हा तेच, घूस्स... घूस्स!

आम्ही उतरलो होतो त्या घरी परतल्यावर वैशालीनं मोबाइलवर काढलेला पक्ष्याचा फोटो घरमालकांना दाखवला.

"महाधनेश!" ते खूश झाले. "पंखांचा आवाज ऐकलात ना? नवखे लोक फार घाबरतात."

"असतात एकेक," मी म्हणालो.

"यांचा संसार बघण्यासारखा. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते. नर बाहेर राहून तिला फळं भरवतो."

"आमच्यात नर आत बसतो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि लॉक लावतो."

मी निमूटपणे उठलो आणि दोघींसाठी गरम डोसे आणायला स्वयंपाकघराकडे निघालो.