न लागणारा निळा दिवा

दुकानांचे झगमगते बोर्ड बनवणारा तो माणूस तोंडाचा भारी फटकळ. कामात चूक दिसली की बायकोलाही सोडत नसे. शेजारच्या स्टुलावर बसून ती त्याच्या तारा जोडून द्यायची.

एकदा तिने हौसेने दोन एलईडी दिव्यांची छोटी पाटी केली. "लाल तुम्ही, निळा मी," ती म्हणाली. बटण दाबलं, तर नुसता लाल लागला.

"अगं, दोघांत मिळून एकच रेझिस्टर लावलास!" तो खेकसला. "लालचं थोडक्या व्होल्टेजवर भागतं. निळ्याला जास्त लागतं, पण लाल ते चढूच देत नाही. सगळा करंट आपणच गिळतो."

"राहू द्या तसंच," ती हसली. "घरात तरी तुमच्यापुढे माझं कुठे काय चालतं?"

पाटी भिंतीवर राहिली. ती वारली, तरी रोज संध्याकाळी तो बटण दाबायचा आणि लाल लागायचा.

काल मात्र निळा लागला. कधी नव्हे तो, अगदी लख्ख.

असं का झालं, ते त्याला तोंडपाठ होतं. लाल जळून गेला होता, अडवणारं कुणी उरलं नव्हतं, बस. तरी त्याने मनगटावर बोटं ठेवून आधी स्वतःची नाडी बघितली. मग रिकामं स्टूल निळ्या उजेडात ओढलं.

"बोल," तो हळूच म्हणाला. "आज मी मध्ये बोलत नाही."