गिअर कुठे आहे, हे गाडीला कळेना

गिअरचा लीव्हर पार्कमध्ये होता, पण गाडीला ते मान्य नव्हतं. किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागायचे, स्टार्टर मात्र ढिम्म.

"सकाळी धक्क्यावरून मासळी भरली," हिरामावशी सांगत होत्या. "हिंदमाताच्या चौकात गाडी एकदम जड झाली. बंद केली ती परत सुरूच नाय. टो करून आणली, दादा."

मावशी वरळी कोळीवाड्यातल्या. डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबणं जमत नाही. नवरा गेल्यावर कित्येक वर्षं त्यांची मासळी दिराच्या टेम्पोतून जायची, तीही दिराची उतरल्यावर. म्हणून त्यांनी ही सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप घेतली.

"गिअरबॉक्स गेला असंल तर इकून टाकते," त्या म्हणाल्या. "परत दिराच्या मागं."

आमच्या गॅरेजचे मालक कदमशेठ यांनी माझ्याकडे पाहिलं. "उतरवायचा का गिअरबॉक्स?"

"एक दुपार द्या. आधी सेन्सर बघतो."

"दिली. फक्त तंद्री लावून बसू नकोस."

शेठचं चुकत नव्हतं. आमचं गॅरेज लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये होतं. याच आवारात माझे वडील साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. दुपारी वरच्या काचांतून ऊन उतरलं की त्यात तरंगणारी धूळ मला कापसाची वाटायची आणि हातातला पाना हातातच राहायचा.

ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या अंगाला एक सेन्सर असतो. लीव्हर पार्कमध्ये आहे, रिव्हर्समध्ये की ड्राइव्हमध्ये, हे तो कॉम्प्युटरला कळवतो. पार्क किंवा न्यूट्रल कळलं नाही, तर कॉम्प्युटर स्टार्टर फिरू देत नाही. चालत्या गाडीत निरोप तुटला, तर गाडी एकाच गिअरला धरून ठेवतो. मावशींना ती जड लागली ती यामुळे.

स्कॅनर लावला. कोड सेन्सरचाच आला. पण कोड नुसता बोट दाखवतो. दोष लीव्हरच्या केबलचा, वायरचा की सेन्सरचा, ते आपण शोधायचं. केबल बरोबर बसली होती. मग स्क्रीनकडे बघत लीव्हर हलवला. रिव्हर्स दिसलं, न्यूट्रल दिसलं आणि गेलं, पार्कला जागा कोरी. गाडीखाली शिरून वायर हलवली, तर पार्क उगवलं आणि मावळलं.

कनेक्टर सोडला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

मला वाटलं, मासळीचं पाणी. पण ते पाणी हौद्याच्या पाइपातून गाडीच्या मागे पडत होतं, सेन्सर पार पुढे.

"मावशी, गाडी कशानं धुता?"

"समुद्राच्या पान्यानं. नारळी पुनवेला तर पंप लावून खालनंसुदा."

"समुद्राच्या?"

"मग? गोड्या पान्यानं होडी कुजते. आमचे हे होडीत पावसाचं पानी राहू द्यायचे नाय. आता माजी होडी हीच ना?"

मला हसू आलं नाही. लाकडी होडीचं त्या म्हणत होत्या ते खरंच होतं, पण गाडीच्या लोखंडाला आणि तारांना तेच खारं पाणी खात होतं. मी तसाच गाडीखाली पडून राहिलो. गिरण्यांच्या संपानंतर वडील सकाळी भोंग्याच्या वेळेला सदरा घालून गॅलरीत बसायचे. संप मिटला, असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. अंगात सगळी कला शाबूत, पण ती चालवायला गिरणी उरली नव्हती आणि घरात तिचा उपयोग नव्हता. त्या क्षणी त्यांची फार आठवण आली.

"झोपला काय?" शेठ ओरडले.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," मी खालूनच म्हणालो.

मीठ सेन्सरच्या आतपर्यंत गेलं होतं, म्हणून नवा घातला, न्यूट्रलच्या खुणेवर जुळवला. कनेक्टरच्या पिना बदलल्या, रबरी सील बसवलं. मावशींना बजावलं, होडीला खारं पाणी, पण गाडी गोड्या पाण्यानंच धुवायची. स्क्रीनवर पार्क आलं आणि राहिलं.

मावशींनी स्वतः किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्यांनी गिअर टाकून पाहिला, परत पार्कला आणला आणि तिथेच बसून दिराला फोन लावला. "उद्या माज्या टोपल्यांना जागा ठेवू नको," एवढंच बोलल्या.

पुढच्या नारळी पुनवेला त्या गाडी घेऊन आल्या. आमच्या नळाखाली ती खालून धुऊन घेतली. मग पिशवीतून समुद्राच्या पाण्याची बाटली काढली, बॉनेटवर चार थेंब शिंपडले आणि नारळ फोडला.

प्रसादाचं खोबरं मी तोंडात टाकलं. गाडीला समुद्र दाखवावा, पाजू नये.