पलंगाखालचं फ्लायव्हील

आमच्या मामांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. मेकॅनिक म्हणून हाताला गुण होता, पण पाना जागेवर दिसला नाही की शेजारच्या वेल्डरकडे डोळे वटारून बघायचे. पाना निघायचा त्यांच्याच खिशातून.

माझ्या गाडीचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला लागून फिरणारं जड लोखंडी चाक, क्लच घसरून घसरून निळं पडलं होतं. मामांनी भंगारातल्या दुसऱ्याच गाडीच्या इंजिनाचं फ्लायव्हील आणि क्लच मिळवला. भोकं मोजली, दाते मोजले, सगळं तंतोतंत जुळलं. लगेच संशय आला, असा माल वेल्डर सोडेल का? म्हणून चांगलं फ्लायव्हील त्यांनी घरी लपवलं आणि चोराला फसवायला माझं जुनंच पॉलिश पेपरने घासून, चकाचक करून गॅरेजातल्या टेबलावर ठेवलं. हे अर्थात कुणालाच सांगितलं नाही.

दोन दिवसांनी स्वतःचीच युक्ती विसरून, टेबलावरचंच उचलून मामांनी गाडी जोडली. क्लच सोडताच ती हुडहुडी भरल्यासारखी थडथडली. गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला, तर आत निळे डाग डोकावणारं माझंच जुनं फ्लायव्हील!

"बदललं! यानेच बदललं!" मामा वेल्डरवर कडाडले. तो बिचारा चष्मा वर करून बघतच राहिला. माझं तर डोकंच फिरलं.

तेवढ्यात घरून मामी आली, दोन्ही हातांनी ओझं सावरत. "अहो, पलंगाखाली झाडताना बोटं ठेचली माझी. हे धूड कुणी ठेवलं तिथे?"

मला वाटलं, आता तरी मामा वेल्डरची माफी मागतील. त्यांनी डोळे बारीक करून मामीकडे पाहिलं.

"पण तू पलंगाखाली काय शोधत होतीस?"