मोसंबीच्या बागेची उलटी नोंद आणि घायतडक बाई

डॉ. सुमन घायतडक यांना मी पहिल्यांदा पाहिले ते प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी, मोसंबीची मुळे धुताना. मी संशोधक विद्यार्थी म्हणून रुजू व्हायला गेलो होतो. "हात धू अन् लाग कामाला," एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंचा विषय मोसंबीची मूळकूज. आजारी मुळांत कोणती जनुके जागी होतात आणि कोणती गप्प बसतात, हे त्या यंत्रावर वाचून घेत आणि ती सगळी कच्ची माहिती जगाला खुल्या असलेल्या ऑनलाइन भांडारात ठेवत. आपली मेहनत फुकट का वाटता, असे सहकारी विचारत. बाई म्हणत, "झाकून ठेवलं तर आपलं चुकलंय हे सांगणार कोण?"

जुन्या जालन्यातल्या खोलीवर मी टायफॉइडने पडलो होतो, तेव्हा याच बाई अकरा दिवस रोज पेज घेऊन जिना चढल्या. आल्या की आधी माझ्या अस्ताव्यस्त वह्यांवरून बोलणी बसत, मग पेज मिळे.

अंबडजवळ आसाराममामा नावाच्या शेतकऱ्याची बारा ओळींची मोसंबीची बाग होती. झाडे वरून सारखीच दिसत. मामांनी मुळे उकरून पाहिली आणि फोनवर सांगितले, पहिल्या चार ओळी आजारी, शेवटच्या चार धडधाकट. मी एकटा गेलो, रस्त्याकडून ओळी मोजल्या, नमुने घेतले आणि तशीच नोंद भांडारात चढवली. त्यावरचा आमचा लेख नियतकालिकात छापून आला, कौतुकही झाले. वर्षभराने एका परक्या विद्यापीठातल्या मुलीने ती माहिती उतरवून घेतली आणि बाईंना विचारले, तुमच्या निरोगी झाडांतच रोगाशी झुंजणारी जनुके जागी कशी?

बाई मला घेऊन एसटीने बागेत गेल्या. आजारी ओळी तोवर तोडल्या होत्या. खोडके उरली होती ती विहिरीच्या बाजूला.

"रस्त्याकून कशाला मोजल्या रे?" मामा म्हणाले. "आमी इहिरीपासून मोजत असतो. पाणी जिथून येतं ती पह्यली ओळ. इचारायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी भांडाराला आणि नियतकालिकाला कळवले, की आजारी आणि निरोगी ही नोंद उलटी झाली आहे, आणि चूक स्वतःच्या नावावर घेतली. मी टेबलाशी उभा होतो. "तू गप बस," त्या म्हणाल्या. "तुझा प्रबंध अडकून बसंल. मला काय, दोन वर्षांत घरीच जायचंय."

मी गप्प बसलो. लेख मागे घेतला गेला, प्रकल्प बंद झाला. बाईंनी घोळ घातला, असे लोक माझ्यासमोर बोलत आणि मी चहा पीत राही. त्यांच्या निरोपाला आम्ही चौघेच होतो. दुरुस्त नोंदीवर मला पदवी मिळाली, एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीत नोकरी लागली. याची मला आजही लाज वाटते.

बाईंना आता सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गेल्या सोमवारी मी भांडाराला पत्र पाठवले: ओळी मी मोजल्या, नोंद मी चढवली, डॉ. घायतडक त्या दिवशी बागेत नव्हत्या. बाईंना हे ठाऊक नाही. त्यांना हल्ली अंधुक दिसते, छापलेले वाचता येत नाही. त्यामुळे त्यांच्या सत्तरीनिमित्त लिहिलेला हा लेख मीच त्यांच्यासमोर बसून वाचणार आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मला त्यांची जी बोलणी ऐकून घ्यायची आहेत, ती एका भेटीत संपणारी नाहीत.